बंदीचे गीत आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील समीक्षक

१

बंदी आलेल्या कलाकृतीचे समर्थन करताना तिची थोरवी गाण्याची रीत जुनी आहे. कृती थोर आहे, म्हणून ती मोकळी असली पाहिजे, हा युक्तिवाद न्यायालयात उपयोगी पडतो आणि वाङ्मयीन चर्चेतही सोयीचा ठरतो. परंतु त्याच्या पोटात एक धोका दडलेला आहे. थोरवी हीच स्वातंत्र्याची अट ठरली, तर सामान्य, सुमार, किंबहुना हिणकस कृतीला कोणतेच संरक्षण उरत नाही. आणि बंदीचा बडगा तर बहुधा अशाच कृतींवर प्रथम उगारला जातो. मर्ढेकरांच्या कवितेची बाजू घेणे आज कोणालाही जड जात नाही. ज्या कृतीविषयी आपल्या मनात आदर नाही, तिची बाजू कोणत्या तत्त्वावर घ्यायची, हा खरा कसोटीचा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी १९९० साली अमेरिकेत निघालेल्या 'बॅन्ड इन द यू.एस.ए.' ह्या रॅप गीताइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. फ्लोरिडा राज्यातील मायामी येथील 'टू लाइव्ह क्रू' ह्या कृष्णवर्णीय गायकसमूहाचे हे गीत. समूहाचा प्रमुख ल्यूथर कँपबेल. गीताचा विषय त्यांच्यावर आलेली बंदी आणि अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेले भाषणस्वातंत्र्य. काव्य म्हणून ह्या गीताची योग्यता बेताचीच आहे. तरीही त्याच्या निमित्ताने कायदा, वंश, स्त्रीत्व आणि समीक्षा असे चार प्रश्न एकाच जागी येऊन आदळतात, आणि त्यांतला चौथा प्रश्न भारतीय भाषांच्या अभ्यासकांना परका नाही.

२

ह्या प्रकरणाची पूर्वपीठिका १९८५ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी वॉशिंग्टनमधील काही राजकारण्यांच्या पत्नींनी, त्यांत टिपर गोर प्रमुख, लोकप्रिय संगीतातील अश्लीलता व हिंसा यांविरुद्ध एक संघटना उभी केली. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर व डी स्नायडर ह्या तीन अगदी भिन्न प्रकृतीच्या संगीतकारांनी तेथे विरोधी साक्ष दिली. कायदा झाला नाही. पण ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी पालकांना सावध करणारी चिठ्ठी वेष्टनावर लावण्याचे आपखुशीने मान्य केले. आपखुशीने मान्य केलेली बंधने कायद्याच्या बंधनांहून कधी कधी अधिक काचतात, कारण त्यांच्याविरुद्ध दाद मागायला न्यायालय नसते. चिठ्ठी लावलेला माल काही मोठ्या दुकानसाखळ्यांनी ठेवलाच नाही.

'टू लाइव्ह क्रू'चा 'अ‍ॅज नॅस्टी अ‍ॅज दे वॉना बी' हा गीतसंच १९८९ साली निघाला. त्यातील गीते लैंगिक वर्णनांनी व शिव्यांनी भरलेली आहेत. त्यांत राजकारणाचा मागमूस नाही. ब्रॉवर्ड परगण्याचा शेरीफ निक नव्हॅरो ह्याने दुकानदारांना अटकेची ताकीद दिल्यावर समूहाने स्वतःच संघराज्याच्या न्यायालयात धाव घेतली. ६ जून १९९० रोजी न्यायाधीश होसे गोन्झालेस यांनी निकाल दिला. त्याला दोन अंगे होती. खटल्याआधीच दुकानदारांना दरडावून माल काढायला लावणे हा घटनाबाह्य पूर्वप्रतिबंध होय, असे त्यांनी शेरीफला बजावले. आणि त्याच निकालात हा गीतसंच कायद्याच्या व्याख्येनुसार अश्लील असल्याचेही जाहीर केले. अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयाने ध्वनिमुद्रिका अश्लील ठरवण्याचा हा पहिलाच प्रसंग. लोकांच्या ध्यानात अर्थातच दुसरे अंग तेवढे राहिले.

पुढील घटना वेगाने घडल्या. ८ जून रोजी फोर्ट लॉडरडेलमधील चार्ल्स फ्रीमन ह्या कृष्णवर्णीय दुकानदाराला साध्या वेशातील पोलिसाला तो संच विकल्याबद्दल अटक झाली. १० जूनच्या पहाटे एका क्लबातील कार्यक्रमानंतर समूहातील गायकांना पकडण्यात आले. त्यानंतर महिनाभरातच 'बॅन्ड इन द यू.एस.ए.' बाजारात आले. ऑक्टोबरात दोन्ही खटल्यांचे निकाल लागले. फ्रीमन दोषी ठरला व त्याला दंड झाला. गायक मात्र २० ऑक्टोबर रोजी निर्दोष सुटले. ज्यांनी गायिले ते सुटले आणि ज्याने विकले तो अडकला. बंदीचे ओझे कलावंतापेक्षा दुकानदार, मुद्रक, नाट्यगृहाचा व्यवस्थापक अशा मधल्या माणसाच्या पाठीवर अधिक पडते. वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव सहसा नोंदले जात नाही.

३

आता गीताकडे वळावे. 'बॅन्ड इन द यू.एस.ए.'चा संगीताचा पाया ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्या श्वेतवर्णीय गायकाच्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.' ह्या १९८४ सालच्या गीतावर उभा आहे, आणि तोही त्याच्या परवानगीने. शीर्षकात एकच शब्द बदलला आहे. 'जन्मलेला'च्या जागी 'बंदी घातलेला' हा शब्द आला आणि त्या एका बदलात गीताचे बहुतेक सामर्थ्य साठलेले आहे. मूळ गीत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाच्या वैफल्याचे होते. परंतु त्याच्या गजरामुळे अनेकांनी ते राष्ट्रगौरवाचे गीत समजून डोक्यावर घेतले. खुद्द अध्यक्ष रेगन यांनी १९८४ च्या निवडणूक प्रचारात स्प्रिंगस्टीनच्या गीतांतील आशेचा गौरवाने उल्लेख केला होता. अशा रीतीने ज्याचा अर्थ आधीच एकदा उलटा लावला गेला, त्या गीताचा सांगाडा कँपबेलने उचलला. ज्या देशात जन्म घेतल्याचा अभिमान मिरवावयाचा, त्याच देशात तोंडावर हात ठेवला जातो, ही विसंगती श्रोत्याला शब्द कळण्यापूर्वी चालीतूनच जाणवते.

दुसऱ्याचे शब्द उचलून ते फिरवून परत करणे ही आफ्रिकी-अमेरिकी मौखिक परंपरेची जुनी खोड आहे. मराठी वाचकाला तिचे नवल वाटण्याचे कारण नाही. लोकप्रिय चालीत वेगळाच आशय भरण्याचे काम सत्यशोधकी जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी पिढ्यान्पिढ्या केले आहे. येथे एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. समूहाची आधीची गीते राजकीय नव्हती. बंदीने ती राजकीय केली. शेरीफ आला नसता तर हे निषेधगीत जन्मलेच नसते. सत्तेने दडपू पाहिलेल्या माणसाला सत्तेनेच नागरिकत्वाची भाषा शिकवली, असे म्हणावे लागते.

आणखी एक उपरोध इतिहासात नोंदला गेला आहे. १९९० साली चिठ्ठीचा एकसारखा नमुना ठरला, आणि तो नमुना प्रथम ज्या गीतसंचावर लागला तो 'बॅन्ड इन द यू.एस.ए.' हाच होता. बंदीविरुद्धचे गीत सावधगिरीची चिठ्ठी कपाळावर लावूनच बाजारात आले. तरुण ग्राहकाला ती चिठ्ठी जाहिरातीसारखी वाटू लागली, हेही लवकरच दिसून आले.

४

ह्या प्रकरणात तुलनात्मक साहित्याचा अभ्यासक कोठे येतो? तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली मिलर खटल्यात अश्लीलतेची तीन अंगांची कसोटी घालून दिली. समाजाच्या समकालीन मानदंडानुसार कृती समग्रपणे कामुकतेला आवाहन करते काय, तिच्यातील लैंगिक चित्रण उघडउघड किळसवाणे आहे काय, आणि तिला गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय किंवा शास्त्रीय मूल्य मुळीच नाही काय, हे ते तीन प्रश्न. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले तरच कृती अश्लील ठरते. तिसऱ्या प्रश्नामुळे समीक्षकाला न्यायालयाचे बोलावणे येते.

गायकांच्या खटल्यात हेन्री लुई गेट्स यांनी साक्ष दिली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सिग्निफाइंग मंकी' ह्या ग्रंथात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या बोलीतील वक्रोक्ती, अतिशयोक्ती व शिवीगाळीच्या स्पर्धा यांची काव्यमीमांसा मांडली होती. 'टू लाइव्ह क्रू'ची गीते अक्षरशः घ्यावयाची नसून, कृष्णवर्णीय पुरुषाच्या अनावर कामुकतेविषयी श्वेत समाजाने रचलेल्या कल्पनेचे ते अतिशयोक्तीने केलेले विडंबन आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९ जून १९९० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांनी हीच भूमिका लिहून मांडली होती. मात्र गीतांतील स्त्रीद्वेष अश्लीलतेहून अधिक चिंताजनक आहे, हेही त्यांनी त्याच लेखात नमूद केले होते. खटल्यात पोलिसांनी चोरून केलेले ध्वनिमुद्रण इतके अस्पष्ट निघाले की शब्द कळेनात. आणि ज्यूरीतील सदस्यांनी ते ऐकताना हसण्याची मुभा न्यायाधीशांकडे मागितली. ज्याला हसावेसे वाटते त्याने कृतीचा प्रकार ओळखलेला असतो. गेट्स यांच्या सिद्धांताला ह्याहून प्रभावी पुष्टी मिळाली नसती.

तथापि ह्या साक्षीला सर्वांत वजनदार उत्तर मिळाले ते सरकारी पक्षाकडून नव्हे. १९८९ साली आंतरछेदिततेची संकल्पना मांडणाऱ्या विधिज्ञ किंबर्ले क्रेन्शॉ यांनी डिसेंबर १९९१ मध्ये 'बॉस्टन रिव्ह्यू'त एक निबंध लिहिला. कारवाई वंशभेदाने दूषित होती, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले. तितक्याच अश्लील आणि स्त्रियांविषयी तितक्याच तुच्छतेने बोलणाऱ्या श्वेतवर्णीय विनोदकाराच्या वाटेला शेरीफ गेला नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र विडंबन, परंपरा आणि विनोद ह्या सबबींखाली कृष्णवर्णीय स्त्रीच्या देहावरील हिंसेची भाषा झाकता येणार नाही, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले. ती गीते ज्या स्त्रियांविषयी होती त्या स्त्रिया फिर्यादीत नव्हत्या, बचावातही नव्हत्या. फिर्यादी पक्षाला समाजाच्या सभ्यतेची काळजी होती, बचाव पक्षाला पुरुषाच्या वाणीची.

शिमग्याच्या उदाहरणाने हा मुद्दा मराठी वाचकाला अधिक उलगडेल. शिमग्यात शिवी देण्याची मोकळीक असते, तिला परंपरेचे पाठबळ असते, आणि शिमग्यातील शिवी शब्दशः घेणारा अडाणी ठरतो. येथपर्यंत गेट्स यांचा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो. पण शिमग्याची मोकळीक कोणाची? बोंब मारणारा पुरुष असतो, आणि शिवीत नाव निघते ते बहुधा कोणाच्या तरी आईचे किंवा बहिणीचे. याउलट उत्तर भारतात लग्नप्रसंगी वधूपक्षाच्या स्त्रिया वरपक्षाला जी 'गाली' गातात, तिच्यात शब्द तितकेच उघडे असले तरी बोलणारी स्त्री असते आणि लक्ष्य असतो मान मिरवणारा पुरुष. दोन्ही परंपराच, दोन्हींत उलटापालट आहे. एकीत दुबळ्याला घटकाभर वाणी मिळते, दुसरीत बलवंताची वाणी आणखी मोकळी सुटते. परंपरेचे नाव घेतले म्हणजे हा भेद मिटत नाही.

५

भारतीय न्यायालयांनी समीक्षकाच्या साक्षीविषयी घेतलेली भूमिका ह्या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगी आहे. मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्यावरील 'लेडी चॅटर्लीज लव्हर'च्या खटल्यात मुल्कराज आनंद यांनी साक्ष दिली होती. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि अश्लीलतेच्या प्रश्नावर साहित्यिकांची साक्ष अप्रस्तुत ठरवली. काय कलात्मक व काय अश्लील हे ठरवण्याचे नाजूक काम न्यायालयाचेच, असा तो पवित्रा होता. समरेश बसू यांची 'प्रजापति' ही कादंबरी 'देश'च्या १९६७ सालच्या शारदीय अंकात आली आणि तिच्यावर खटला झाला. बचावासाठी उभे राहिलेले साक्षीदार होते बुद्धदेव बसू आणि नरेश गुहा. यादवपूर विद्यापीठातील तुलनात्मक साहित्याच्या विभागाशी ही दोन्ही नावे जोडलेली आहेत. खालच्या न्यायालयांत शिक्षा झाली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखक-प्रकाशकांना निर्दोष ठरवले आणि न्यायाधीशाला आपल्या सदसद्विवेकाच्या समाधानासाठी जाणत्या साहित्यिकांच्या मताचा काही प्रमाणात आधार घेता येईल, असे मान्य केले.

फ्लोरिडातील प्रकरणात अपील न्यायालयाने १९९२ साली नेमका हाच मुद्दा निर्णायक मानला. शेरीफने ध्वनिफितीखेरीज कोणताच पुरावा दिला नव्हता, आणि केवळ फीत ऐकून कलात्मक मूल्य नाही असे ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशाला पोहोचत नाही, असे म्हणून गोन्झालेस यांचा निकाल फिरवण्यात आला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप नाकारला. पुढे १९९४ साली ह्याच समूहाने केलेल्या 'ओ, प्रिटी वूमन' ह्या गीताच्या विडंबनाविषयीच्या स्वामित्वहक्काच्या दाव्यात, व्यापारी हेतूचे विडंबनही न्याय्य वापर ठरू शकते, असा एकमुखी निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. ज्यांच्या गीतांना काडीचे मूल्य नाही असे म्हटले गेले, त्यांनी विडंबनाच्या कलेला कायद्यात जागा मिळवून दिली.

म्हणजे समीक्षकाची साक्ष हवी. पण कशाची? ह्या ठिकाणी गेट्स यांच्या साक्षीतील उणीव आणि तिचा उपयोग दोन्ही नीट वेगळे केले पाहिजेत. समीक्षकाने कृतीच्या थोरवीचे प्रमाणपत्र देऊ नये. प्रकाराचे ज्ञान द्यावे. हा प्रकार कसा बोलतो, त्यातील 'मी' कोण असतो, अतिशयोक्तीचा संकेत काय, श्रोता ते कसे ऐकतो, हे सांगणे त्याच्या विद्येचे काम आहे. ह्या ज्ञानाची आजही निकड आहे. रॅप गीतातील 'मी'ला आरोपीचा कबुलीजबाब मानून फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरण्याची प्रथा अमेरिकेत इतकी बळावली, की तिला आळा घालणारा कायदा कॅलिफोर्नियाला २०२२ साली करावा लागला. प्रकार न ओळखणारा कायदा गीताला कबुलीजबाब समजतो, हे त्यावरून दिसते.

प्रमाणपत्राची सवय मात्र दुहेरी हानी करते. एकीकडे स्वातंत्र्य पदवीधरांच्या शिफारशीवर अवलंबून राहते. ज्याची शिफारस करायला कोणी प्राध्यापक येत नाही, त्याने तुरुंगात जावे असा त्याचा अर्थ होतो. दुसरीकडे समीक्षा बोथट होते. बचावाचे वकीलपत्र घेतलेल्या समीक्षकाला कृतीचा दोष मोठ्याने सांगता येत नाही. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात लढून प्रयोगाचा हक्क मिळवला. त्या लढ्याच्या आठवणीने नाटकातील स्त्रीचित्रणाविषयीची मराठी चर्चा दीर्घकाळ दबून राहिली असेल, तर त्याचा दोष बंदीवाल्यांकडे आहे आणि काही अंशी बचावाच्या अतिउत्साहाकडेही.

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात राजकीय आशयाच्या मराठी रॅप गीतांवरून दोन तरुण गायकांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. तेथे आक्षेप मुख्यतः सत्तेवरील टीकेचा होता. म्हणून ही उदाहरणे एका मापाने मोजू नयेत. पण त्या गीतांत 'काव्य' किती, हा प्रश्न त्यांच्या बचावाची पहिली पायरी म्हणून विचारला जाऊ लागला, तर लढाई आरंभीच निम्मी हरल्यासारखी होईल. नागरिकाचा बोलण्याचा हक्क त्याच्या यमकांच्या दर्जावर अवलंबून नाही.

'बॅन्ड इन द यू.एस.ए.' ह्या गीताविषयी अखेरीस दोन विधाने एकाच वेळी करता आली पाहिजेत. बंदी अन्यायाची होती, वंशभेदाची होती, आणि तिच्याविरुद्ध उठवलेला हा आवाज योग्य होता. आणि ह्या आवाजातील स्वातंत्र्याची कल्पना अपुरी होती. आपल्या गळ्यावरील हात तिला दिसला, आपल्याच गीतांतील स्त्रीच्या गळ्यावरील हात दिसला नाही. पहिले विधान न्यायालयात करावयाचे आहे, दुसरे वर्गात, नियतकालिकात आणि चार लोकांत. पहिले खरे असल्याखेरीज दुसरे मोकळेपणी करता येत नाही, कारण बंदी असलेल्या गीतावर प्रामाणिक टीका करणे म्हणजे पोलिसाच्या हाती काठी देणे होय. बंदी उठल्यावरच टीकेला तिचे खरे काम करता येते, आणि ते काम न टाळणे हे बंदीविरुद्ध उभे राहण्याइतकेच समीक्षकाचे कर्तव्य ठरते.